आधी मोजमाप, मग खड्डा: आमच्या भागातल्या एका वायरमनचं अर्थिंगचं काम

जात्यावर ओवी म्हणणारी बाई दोन ओळींच्या मध्ये थांबते. घास घालते, श्वास घेते आणि मग पुढची ओळ उचलते. त्या थांबण्यात जात्याची घरघर असते, बांगड्या असतात, कधी परड्यातली कोंबडी असते. मला ते सगळं हवं असतं. गेली सहा वर्षं मी कुडाळ आणि मालवण तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या आणि फुगडीची गाणी ध्वनिमुद्रित करते आहे. काही त्यांच्या ओसरीवर, काही माझ्या घरातल्या जांभ्याच्या भिंतींच्या लहानशा खोलीत. ऐंशी वर्षांच्या बाईचा आवाज बारीक असतो, त्यामुळे माईकचा गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण, खूप वर न्यावा लागतो. आणि गेन वर नेला की आवाजाबरोबर जे जे तारेत शिरलेलं असतं ते सगळंच मोठं होतं.

गेल्या डिसेंबरपासून माझ्या खोलीत त्या थांबण्याच्या जागी एक सलग ‘घूं’ ऐकू यायला लागलं. आधी मला ते तंबोऱ्यात सापडलं. मी पांढरी पाचमध्ये गाते, म्हणजे माझा खर्ज ९८ हर्ट्झच्या आसपास. हेडफोन लावून तार छेडली की स्वर दर सेकंदाला दोनदा हेलकावत होता. चार वेळा तंबोरा लावला, मणी सरकवून पाहिले, जवारीचा दोरा बदलला. मग लक्षात आलं की तंबोरा जुळलेलाच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि ती शंभराची गुणगुण माझ्या ९८च्या खर्जाशी भांडते आहे. हे कळल्यावर मला झोप लागेना. त्या महिन्यात ज्या दोन आज्यांचं मी रेकॉर्डिंग केलं होतं, त्यातल्या एका आजीला पुन्हा बोलावणं आता शक्य नाही.

ज्यांचं काम मला इथे सांगायचं आहे ते वायरमन मालवण तालुक्यातलेच. नाव लिहू नका, फोन वाढले तर काम नीट होत नाही, असं त्यांनीच सांगितलंय. मी त्यांना काका म्हणते. पण त्यांच्याकडे पोचण्याआधी जे दोन अनुभव आले ते सांगितल्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही.

पहिला अनुभव बाजारातल्या एका इलेक्ट्रिशियनचा. त्याने पाच मिनिटं ऐकलं, लॅपटॉपच्या अॅडॉप्टरची तीन पिनांची वायर काढली आणि दोन पिनांची लावून दिली. गुणगुण खरोखर निम्मी झाली. दोनशे रुपये घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी एक आजी रेकॉर्डिंगला आल्या. अनवाणी, आमच्या लादीला तेव्हा जरा ओल होती. त्यांनी कौतुकाने माईकला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. “चावता गो बाये ह्या!” मी लावून पाहिलं तर बोटाला मुंग्या आल्या.

याचं कारण काकांनी मला नंतर समजावून सांगितलं. अॅडॉप्टरच्या आत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यापासून अर्थकडे, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेकडे, जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अॅडॉप्टरचा स्वतःचा कचरा बाहेर जाऊ नये म्हणून ते असतात, आणि त्यांना तिसऱ्या पिनेचा रस्ता लागतो. ती पिन तोडली की लॅपटॉपची बॉडी अधांतरी राहते आणि पुरवठ्याच्या साधारण निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर भागतं. पण उद्या आत बिघाड झाला तर त्याच माईकवर पूर्ण २३० येतील, आणि माईक म्हातारीच्या ओठांपासून चार बोटांवर असतो. मी त्या दिवशी सगळं बंद केलं. कृपा करून हे वाचणाऱ्या कुणीही, कितीही गुणगुण असली तरी, तिसरी पिन तोडू नका आणि कुणाला तोडू देऊ नका.

दुसरा अनुभव एका दुकानाचा. तिथे मला जमिनीत पुरायचा केमिकल अर्थिंगचा तयार रॉड दाखवला आणि “सगळा नॉइज जमिनीत जिरतो” असं सांगून बारा हजारांचा आकडा सांगितला. मी घेणारच होते. नशिबाने त्याच आठवड्यात दशावतारी नाटकाला गेले होते, तिथल्या साऊंडवाल्यापाशी रडगाणं गायले, आणि त्याने काकांचा नंबर दिला.

फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य मला आवडलं. “ताई, खड्डो मारूक मी येतंय. पण आवाज जायतच असो शब्द मी देवचंय नाय. आदी मोजूया.”

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते आले. सांगितलेल्या दिवसापेक्षा अकरा दिवस उशिरा, हे नोंदवून ठेवते. आल्यावर पेटी उघडण्याआधी हेडफोन मागितले. “गुणगुणता काय करकरता?” हा त्यांचा प्रश्न. मला तोवर दोन्ही एकच वाटत होतं. त्यांनी पंखा लावून, बंद करून, दिवे एकेक बंद करत ऐकवलं तेव्हा फरक कळला. गोल, खालच्या सुरातली सलग गुणगुण वेगळी आणि भुंग्याने कागदावर नखं घासावीत तशी करकर वेगळी. मग त्यांनी अॅडॉप्टर पूर्ण उपटून लॅपटॉप बॅटरीवर चालवायला लावला. गुणगुण जवळजवळ गेली. म्हणजे ती हवेतून माईकमध्ये शिरत नव्हती, तारांच्या रस्त्याने येत होती. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, आणि यापुढे मी ती सगळ्यांना आधी करायला सांगणार आहे.

मग मल्टिमीटर. फेज ते न्यूट्रल २३४ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल ते अर्थ ४१. चालू घरात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एकदोन व्होल्ट सापडतातच, कारण न्यूट्रलमधून घराचा भार वाहत असतो. ४१ म्हणजे अर्थची तार कुठेतरी नावालाच आहे.

ती कुठे आहे ते शोधायला आम्ही घराच्या मागे गेलो. सासऱ्यांच्या वेळचा अर्थिंगचा खड्डा आहे, आत धातूची प्लेट पुरलेली, त्यावर मीटरच्या बाजूने उतरलेली आठ नंबरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार. वरून ती ठीक दिसत होती. काकांनी मेन बंद केला, जमिनीलगतची माती खुरपीने बाजूला केली आणि तार दोन बोटांत धरून हलकी वाकवली. ती कुरमुऱ्यासारखी फुटली. आत धातू असा उरलाच नव्हता, फक्त तांबूस-काळा चुरा, आणि जस्ताची पांढरी बुरशी क्लॅम्पवर. समुद्र आमच्यापासून बारा किलोमीटरवर आहे, तरी खारं वारं इथवर येतं. त्यात तांब्याची तार जीआयच्या क्लॅम्पला थेट गुंडाळलेली. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, मग जस्त आधी खाल्लं जातं. किती वर्षं आम्ही फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर या अर्थवर चालवत होतो कोण जाणे.

तरी त्यांनी जुन्या प्लेटचं मोजमाप घेतलंच. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र, तीन तारा. एक प्लेटला, दुसरीचा खिळा सरळ रेषेत २० मीटरवर, तिसरीचा मध्ये साधारण साडेबारा मीटरवर, म्हणजे अंतराच्या ६२ टक्क्यांवर. आमच्याकडे खिळा ठोकणं म्हणजे जांभ्याशी झटापट. दोन ठिकाणी घण उसळून परत आला. शेवटी आंब्याच्या बांधालगत मातीचा पट्टा सापडला, तिथे तांब्याभर पाणी ओतून खिळे बसवले. आकडा आला १४० ओहम. जमिनीत जायला विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका बरा. मधला खिळा त्यांनी दोन मीटर पुढे, मग दोन मीटर मागे हलवून पुन्हा वाचला. आकडा फारसा हलला नाही तरच तो खरा, नाहीतर खिळे जवळ पडलेत असं समजायचं. बाजारातल्या किती जणांकडे हे यंत्र असतं? माझ्याकडे आलेल्या आधीच्या दोघांपैकी एकानेही ते आणलं नव्हतं.

१४० ओहम म्हणजे काय, ते त्यांनी अंगणात बसून चहा पिता पिता हिशोब करून दाखवलं. याच प्लेटला नवी तार जोडली आणि उद्या गिझरची फेज बॉडीला लागली तर २३० भागिले १४०, म्हणजे दीड-पावणेदोन अँपिअर जमिनीत जाणार. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणाऱ्या बटणाला, याचा पत्ताही लागणार नाही. बॉडी जिवंत राहणार. खड्डा उत्तम केला आणि १० ओहमवर आणलं तरी २३ अँपिअरच होतात, तेवढ्यावर एमसीबी झटकन पडत नाही. त्यामुळे महावितरणच्या लायनीवरच्या, स्वतःचा खड्डा असलेल्या आपल्यासारख्या घरांत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडी वीज जमिनीकडे गळली तरी पुरवठा तोडणारं बटण, हवीच. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवा खड्डा कुठे मारायचा यावर त्यांनी जितका विचार केला तितका मी विहिरीची जागा बघणाऱ्यांनाही करताना पाहिलेलं नाही. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात भिजतो आणि पाणी खाली सोडून देतो. एप्रिल-मेमध्ये मीटरभर खालीसुद्धा तो कोरडा खडखडीत असतो. म्हणून ऑगस्टमध्ये केलेल्या अर्थिंगचा सुंदर आकडा बघून खूश होऊ नये, परीक्षा मे महिन्यात असते. काकांनी घराभोवती एक फेरी मारली आणि न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे थांबले. तिथे बारमाही ओल, काळी माती, आणि कुदळ सहज आत जाते. मीटरबोर्डाजवळची सोयीची जागा सोडून नऊ मीटर जादा तांब्याची तार लागली, तिचे पैसे मला पडले, पण जागा तीच बरोबर होती.

अडीच मीटर लांबीचे दोन जीआय पाइप, एकमेकांपासून पाच मीटरवर. भोवती बेंटोनाइटची माती, चिखलासारखी कालवून. मी विचारलं, कोळसा आणि मीठ नाही का? लहानपणापासून तेच बघितलेलं. त्यांचं म्हणणं, मीठ घातलं की पहिल्या वर्षी आकडा छान दिसतो, मग पावसाबरोबर मीठ वाहून जातं आणि राहिलेलं पाइपला खातं. बेंटोनाइट पाणी धरून फुगतं आणि पाइपला चिकटून राहतं. दुकानातल्या केमिकल रॉडबद्दल ते वाईट काही बोलले नाहीत. वस्तू बरी असते, पण कातळात ठोकली तर तीही कोरडीच, इतकंच. जोडावर तारेच्या टोकाला बसवायचे, कथिलाचा मुलामा दिलेले लग, वर पेट्रोलियम जेली, आणि दोन्ही पाइप एकमेकांना तारेने बांधलेले. टेस्टरवर आकडा ९.२ ओहम. एप्रिलमध्ये, जांभ्याच्या गावात.

मी आनंदाने आत पळाले, हेडफोन लावले. गुणगुण कमी झाली होती, पण गेली नव्हती.

इथेच हा माणूस वेगळा ठरला. कुणीही पैसे घेऊन निघाला असता, कारण खड्डा तर झाला होता. काकांच्या चेहऱ्यावर आश्चर्यही नव्हतं. ते म्हणाले, खड्डा जिवासाठी केला, आता आवाजासाठी करूया. मला आजवर वाटत होतं की अर्थिंग म्हणजे मोरी, सगळा विजेचा कचरा तिच्यातून जमिनीत वाहून जातो. तसं नसतं. त्यांनी माझ्या टेबलावरचे सगळे प्लग कुठे जातात ते कागदावर काढलं. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी, खोलीतल्या बोर्डावर. स्पीकर मात्र पलीकडच्या पडवीतल्या बोर्डावर, आणि त्या बोर्डाची अर्थ पंपासाठी कधीतरी मारलेल्या वेगळ्याच खड्ड्याला. दोन्ही अर्थच्या मध्ये मीटर लावला तर ३ व्होल्ट. आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतच्या ऑडिओ केबलच्या तारांभोवतीची धातूची जाळी त्या दोन अर्थना जोडत होती. म्हणजे दोन खड्ड्यांमधला फरक माझ्या आवाजाच्या तारेतून वाहत होता.

“दोन होडये दोन खुट्यांक बांदलेत आणि मदी दोरी घातलास, तर पाणी हललां की दोरी ताणतली. एकाच खुट्याक बांदा, मगे भरती येवंदे नायतर ओहोटी, मदली दोरी ताणाची नाय.”

कर्लीच्या खाडीत वाढलेल्या माणसाचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. सगळ्या यंत्रांची जमीन एकाच जागी एक व्हायला हवी. ती जागा शून्यावर आहे की दोन व्होल्टवर, याला आवाजाच्या दृष्टीने फार महत्त्व नाही, सगळी एकदम वरखाली झाली की पुरे. ‘स्टुडिओसाठी स्वतंत्र अर्थ’ म्हणून वेगळा खड्डा मारून तो बाकीच्यांपासून सुटा ठेवणं यासाठीच चुकीचं, आणि वीज जवळपास पडली तर त्या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येतो आणि मधली यंत्रं जळतात. आपल्याकडे मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये विजा कशा कोसळतात ते सांगायला नको.

त्यांनी पंपाचा खड्डा नव्याशी जाड तारेने जोडला. खोलीत सहा सॉकेटचा एकच बोर्ड केला, प्रत्येक सॉकेटची हिरवी तार स्वतंत्रपणे एकाच तांब्याच्या पट्टीवर आणली, आणि ऑडिओतलं सगळं त्या एकाच बोर्डावर. केबल मात्र मी बदलली. एका टोकाला साध्या पिनांची होती, तिच्या जागी दोन्हीकडे तीन पिनांची बॅलन्स्ड. अशा केबलमध्ये दोन तारांवर शिरलेला सारखाच आवाज पुढच्या यंत्रात एकमेकांतून वजा होतो. वीजतारा आणि माईकच्या तारा एकत्र गुंडाळून ठेवायची माझी सवयही त्यांनी मोडली. जवळून न्यायच्याच असतील तर हातभर अंतर, ओलांडायच्या असतील तर काटकोनात.

कोणी न बोलता रेकॉर्डिंगच्या पट्टीवर जो तळाचा आकडा दिसतो तो कामाआधी उणे ५२ डेसिबल होता, संध्याकाळी उणे ७७. आकडा जितका खाली तितकी शांतता जास्त. गुणगुण गेली. करकर थोडी उरली, तीही पंखा दोनवर किंवा तीनवर असेल तरच. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, त्याचा तो आवाज, तो माईकच्या तारेत हवेतून शिरतो आणि त्याच्याशी अर्थिंगचा संबंध नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, नाहीतर पूर्ण पाचवर. मे महिन्यात बंद ठेवणं कठीण, पण जमतं.

खर्च एकूण १६,४०० रुपये. यात दोन पाइप, बेंटोनाइट, तांब्याची तार, आरसीसीबी, बोर्ड आणि त्यांची व एका गड्याची दोन दिवसांची मजुरी. तपासणीचे ८०० वेगळे सांगितले होते ते शेवटच्या हिशोबात वजा केले. छापील बिल मिळालं नाही, वहीच्या पानावर हिशोब लिहून दिला. पण सामानाची दुकानाची पावती त्यांनी न मागता हातात ठेवली, त्यात एक रुपयाही वर लावलेला नव्हता.

ज्या गोष्टी मला आवडल्या नाहीत त्याही सांगते. वेळ. आंबा आणि लग्नं यांच्या दिवसांत ते सापडतच नाहीत, फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात. खड्ड्यावरचं सिमेंटचं झाकण तीन आठवड्यांनी आलं, तोवर मी वर जुना पाटा ठेवला होता. खणलेली माती माझ्या मोगऱ्यावर टाकली आणि दोन रोपं गेली. मोजलेले आकडे लेखी द्या असं मला सांगावं लागलं. सांगितल्यावर त्यांनी मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहिले, पण हे त्यांनी प्रत्येक घरी आपणहून करायला हवं. दहा वर्षांनी दुसरा कोणी वायरमन येईल तेव्हा त्याला तुलना करायला तेवढंच असतं.

तरीही पाचपैकी पावणेपाच. दवाखान्यात ईसीजीची रेघ थरथरत असेल, पतपेढीतला वजनकाटा आकडा धरत नसेल, देवळातल्या भजनाच्या अॅम्प्लिफायरमधून घूं येत असेल, तर आधी या किंवा अशा माणसाला बोलवा ज्याच्या पेटीत अर्थ टेस्टर आहे आणि जो खणण्याआधी तो बाहेर काढतो.

ऑगस्टमध्ये ते आपणहून येऊन आकडा घेऊन गेले, ३.६ ओहम. त्याच आठवड्यात “चावता” म्हणणाऱ्या आजी पुन्हा आल्या. माईकला हात लावायला तयार नव्हत्या, म्हणून मी आधी लावला आणि मग त्यांचा हात धरून टेकवला. एक तास त्या म्हणत होत्या. दोन ओळींच्या मध्ये बाहेर पागोळ्या पडताहेत ते ऐकू येतं, आणि जात्याचा खुंटा सैल आहे तेही. बोर्डाच्या दारावर एप्रिल आणि ऑगस्टच्या खाली तिसरी ओळ रिकामी सोडली आहे, मे महिन्याच्या आकड्यासाठी.